जोडे शिवणारे विल्यम कॅरी

मराठी भाषेचे इंग्रजीतून लिहिलेले एक व्याकरण १८०५ साली छापून निघाले. पुण्यात तेव्हा दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई चालू होती. पुस्तक छापले गेले मात्र पुण्यापासून शेकडो कोस दूर, कलकत्त्याजवळ हुगळीच्या काठी, श्रीरामपूर नावाच्या छोट्याशा डॅनिश वसाहतीत. ते लिहिणाऱ्या माणसाने महाराष्ट्र कधी पाहिला नव्हता. त्याचे शालेय शिक्षण खेड्यातल्या शाळेपुरते, आणि शिकलेला धंदा जोडे शिवण्याचा. विल्यम कॅरी हे त्याचे नाव.

महाराष्ट्राबाहेर राहून मराठी बोलणाऱ्या, मराठीत लग्नपत्रिका छापणाऱ्या आणि मुलांना मराठी वाचता यावे म्हणून धडपडणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांना या माणसाची ओळख असायला हवी, असे आम्हाला फार दिवसांपासून वाटत होते. त्यांच्या धर्मकार्याविषयी कोणाचे काहीही मत असो. आम्हाला त्यांच्या आयुष्यात जे दिसले ते वेगळेच. देवाची चाकरी म्हणजे रोजचे हातातले काम चोख करणे, हे ते एका खेड्यात शिकले आणि शेवटपर्यंत विसरले नाहीत. त्या शिकवणीचा त्यांच्या घरावर भारही पडला. तोही या लेखात सांगणार आहोत, नाहीतर हे चरित्र अपुरे राहील.

विल्यमचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यात, पॉलर्सपरी या गावी झाला. वडील एडमंड हातमागावर लोकरी कापड विणत. पुढे ते गावच्या शाळेचे मास्तर आणि चर्चचे कारकून झाले. पाच भावंडांत विल्यम थोरला. पीटर नावाचा त्याचा काका कॅनडातून परत आलेला, पेशाने माळी. झाडाचे नाव काय, ते कोणत्या मातीत वाढते, कलम कसे करतात, हे पुतण्याने या काकाकडून उचलले. पोराच्या खोलीत किडे, पाखरे, रोपे यांची दाटी असे. एकदा तो झाडावरून पडून जायबंदी झाला आणि बरे वाटताच पहिल्यांदा पुन्हा त्याच झाडावर चढला, अशी गोष्ट त्याच्याबद्दल सांगतात.

त्याला शेतकामाला लावले होते, पण एका त्वचाविकारामुळे ऊन सोसेना. म्हणून वडिलांनी त्याला पिडिंग्टन गावी क्लार्क निकोल्स नावाच्या जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवारीला ठेवले. उन्हाने शेतातून हाकलले नसते तर कॅरी आयुष्यभर त्याच परगण्यात शेतमजूर राहिले असते, असा एक विचार आमच्या मनात येतो.

उमेदवारीच्या काळातला एक प्रसंग पुढे कॅरींनी स्वतःच नोंदवून ठेवला. नाताळात उमेदवार पोरांना गिऱ्हाईके बक्षिसी देत. एका लोखंडी सामानाच्या दुकानदाराने विल्यमला विचारले, सहा पेन्स हवेत की शिलिंग? पोराने अर्थातच शिलिंग घेतला. तो निघाला पितळेचा. दरम्यान त्याने स्वतःसाठी काही वस्तू घेतल्या होत्या आणि पैसे कमी पडत होते. मग त्याने ठरवले की खोटे नाणे मालकाच्या पैशांत आले होते असे सांगायचे. वाटेत त्याने देवाची प्रार्थनाही केली, की एवढे एक खोटे पचू दे, पुन्हा असे करणार नाही. खोटे पचले नाही. मालकाने चौकशी केली, सारे उघडकीला आले, आणि कितीतरी दिवस पोराला रस्त्यात तोंड दाखवायची लाज वाटली.

आम्ही उभी हयात बँकेत काढली. काउंटरवर खोटी नोट आली की ती कोणाच्या माथी मारायची, हा विचार क्षणभर तरी माणसाच्या मनात येतोच. म्हणून आम्हाला हा प्रसंग इतर कोणत्याही धर्मोपदेशापेक्षा जवळचा वाटतो. कॅरींच्या मनाचे वळण पालटायला सुरुवात झाली ती एका पितळी शिलिंगापासून.

निकोल्स वारल्यावर विल्यम शेजारच्या हॅकलटन गावी दुसऱ्या मालकाकडे जोडे शिवू लागला. १० जून १७८१ रोजी त्याचे लग्न झाले. मुलीचे नाव डोरोथी प्लॅकेट, वयाने त्याच्याहून काही वर्षांनी मोठी. तिला लिहिता येत नव्हते. चर्चच्या नोंदवहीत तिने सहीच्या जागी फुली केली. ही फुली लक्षात ठेवावी. पुढे नवऱ्याने जगातल्या कितीतरी भाषांना लिपी, खिळे आणि कोश दिले.

पहिली मुलगी दोन वर्षांची होऊन तापाने गेली. त्याच आजारात कॅरींचे केस गळले आणि ऐन पंचविशीच्या आत टक्कल पडले. कमाई तुटपुंजी. तरी जोडे शिवता शिवता समोर पुस्तक उघडे असे. लॅटिन, ग्रीक, हिब्रू, डच, फ्रेंच असे एकेक करून त्यांनी शिकून घेतले. मोल्टन गावी शाळा आणि छोट्या मंडळीचे पाळकपण मिळाले, पण दोन्ही मिळून पोट भरेना, म्हणून आरी-दोरा चालूच राहिला. भिंतीवर त्यांनी जगाचा मोठा नकाशा टांगला होता आणि कातड्याचा पृथ्वीगोल शिवून त्यावरून मुलांना भूगोल शिकवीत. केटरिंगच्या थॉमस गॉच या व्यापाऱ्यासाठी ते जोडे करून देत. गॉचने एके दिवशी सांगितले की यापुढे जोडे नकोत, तुम्ही अभ्यास करा, आठवड्याला दहा शिलिंग मी देतो. असे व्यापारी फार नसतात. त्याची नोंद कोणत्याही खातेवहीत नफ्याच्या बाजूला झाली नसेल.

२ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंगमध्ये एका विधवा बाईंच्या दिवाणखान्यात दहाबारा माणसे जमली आणि परदेशी धर्मप्रसारासाठी संस्था काढली. जमलेला निधी तेरा पौंड, दोन शिलिंग, सहा पेन्स. तोही रोख नव्हे, नुसत्या कबुलीचा, आणि चिठ्ठ्या गोळा केल्या तपकिरीच्या डबीत. एवढ्या भांडवलावर हिंदुस्थानला जायचे ठरले.

जाण्याला डोरोथीची संमती नव्हती. ती गरोदर होती, माहेर सोडून कधी लांब गेली नव्हती. कॅरींनी थोरल्या मुलाला घेऊन निघायची तयारी केली. पहिले जहाज चुकले. परवाना नसल्याने कप्तानाने त्यांना उतरवून दिले. या मधल्या काळात बाळंत झालेल्या डोरोथीची पुन्हा मनधरणी झाली, आणि बहीण सोबत येणार असेल तर येते, असे ती म्हणाली. १३ जून १७९३ रोजी ते डोव्हरहून एका डॅनिश जहाजावर चढले आणि नोव्हेंबरात कलकत्त्याला पोचले. आपल्याकडेही बदलीच्या गावी बायकामुलांना घेऊन जाताना कोणी कोणाला विचारले, हा प्रश्न कितीतरी घरांत अजून अनुत्तरित आहे. मात्र इथे बदलीचा हुकूम कॅरींनी स्वतःच स्वतःला काढला होता.

पहिले काही महिने हलाखीचे गेले. पैसे संपले, राहायला जागा नाही, मुले आजारी. मग जॉर्ज उडनी नावाच्या एका सज्जन अधिकाऱ्याने मालदा भागात मदनाबाटी इथल्या आपल्या निळीच्या कारखान्याची व्यवस्था कॅरींकडे दिली. पगार मिळू लागताच त्यांनी इंग्लंडच्या संस्थेला कळवले की आता माझ्यासाठी पैसे पाठवू नका, ते दुसऱ्या कोणासाठी वापरा. पैशांऐवजी मागितले काय? विळे, कोयते, नांगराची चाके, आणि दरवर्षी भाजीपाल्याचे, फुलांचे आणि फळझाडांचे बी.

मदनाबाटी हे खेडेगाव. निळीची शेती, कुंडातले आंबवण, मजुरांची हजेरी, पावसाची वाट. उरलेल्या वेळात बंगाली आणि संस्कृतचा अभ्यास, नव्या कराराचे भाषांतर, आणि आसपासच्या खेड्यांत पायी हिंडून लोकांशी बोलणे. काही वर्षे असे चालले. ज्या कामासाठी ते सात समुद्र ओलांडून आले होते, त्याला पहिल्या सात वर्षांत एकही बंगाली माणूस लाभला नाही. आमच्या शाखेत सात वर्षे एकही खाते उघडले नसते तर शाखा केव्हाच बंद झाली असती.

याच गावी ऑक्टोबर १७९४ मध्ये त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर आमांशाने गेला. आमच्या मते त्यांच्या आयुष्यातला हा सर्वांत काळा दिवस. परक्या धर्माच्या मुलाचे प्रेत. खड्डा खणायला माणूस मिळेना. मोठ्या मिनतवारीने चार मुसलमान तयार झाले, तर गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घालायचे ठरवले. पेटी वाहून न्यायलाही कोणी पुढे येत नव्हते. कॅरी स्वतः तापाने अशक्त झालेले.

त्यानंतर डोरोथीचे मन ढळले. तिचा भ्रम असा होता की नवरा आपल्याशी एकनिष्ठ नाही. ती रस्त्यात त्यांच्यामागे जाऊन लोकांसमोर शिव्या देई, एकदोनदा अंगावर धावून गेली. कॅरी शेजारच्या खोलीत भाषांतर करीत बसत आणि भिंतीपलीकडून तिचा आक्रोश ऐकू येई. लोकांनी सांगितले, कलकत्त्याच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवा. त्यांनी ठेवले नाही. ८ डिसेंबर १८०७ रोजी ती गेली तोपर्यंत, म्हणजे बारा वर्षे, तिला घरातच सांभाळले. पुष्कळदा दार लावून घेतलेल्या खोलीत.

निष्ठेची गोष्ट सांगताना या बाईला वगळता येत नाही. चरित्रकार बहुधा कॅरींच्या सोशिकपणाचे कौतुक करून पुढे जातात. आम्हाला तसे पुढे जाता आले नाही. त्यांनी तिला टाकले नाही हे खरे. तिला तिच्या मनाविरुद्ध आणले हेही तितकेच खरे. मुलांकडे दुर्लक्ष झाले, ती मोकाट वाढली, आणि पुढे श्रीरामपूरला मार्शमन यांच्या पत्नी हॅना यांनी त्यांना वळण लावले. जो माणूस शेताचा एक वाफा कोरडा राहू देत नसे, त्याच्या घरातला वाफा कोरडा राहिला. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत.

पुरांमुळे निळीचा कारखाना बुडाला. १० जानेवारी १८०० रोजी कॅरी श्रीरामपूरला आले. कंपनी सरकारला मिशनरी नको होते, डॅनिश सरकारची हरकत नव्हती. तिथे मार्शमन मास्तर आणि छापखान्याचे जाणकार वॉर्ड अशी जोडीदार माणसे मिळाली. सगळ्यांची कमाई एका थैलीत, जेवण एका पंगतीत. वर्षअखेरीस कृष्ण पाल नावाच्या सुताराचा खांदा निखळला. मिशनच्या डॉक्टरांनी तो बसवला, त्यातून ओळख वाढली, आणि २८ डिसेंबर १८०० रोजी हुगळीच्या पाण्यात त्याचा बाप्तिस्मा झाला. सात वर्षांच्या पेरणीनंतर हाती आलेले हे पहिले कणीस.

पुढच्या वर्षी कलकत्त्याला फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली शिकवण्यासाठी कॅरींना बोलावणे आले. नंतर संस्कृत आणि मराठीही त्यांच्याकडे आली. पगार चांगला होता, पण हातखर्चापुरते ठेवून तो सगळा सामाईक थैलीत जाई. एकदा लाटसाहेबांच्या मेजवानीत एका बड्या लष्करी अधिकाऱ्याने मुद्दाम ऐकू जाईल असे विचारले, की हे कॅरी पूर्वी जोडे बनवत होते ना? कॅरींनी स्वतःच उत्तर दिले की जोडे बनवणारा कुठला, मी फाटके जोडे दुरुस्त करणारा होतो.

मराठीसाठी त्यांना वैजनाथ पंडितांचे साहाय्य लाभले. १८०५ साली व्याकरण आणि मत्तयाचे शुभवर्तमान छापले गेले, तेव्हा मोडीचे खिळे तयार नव्हते, म्हणून मराठी मजकूर बाळबोध लिपीत घातला. १८१० चा मराठी-इंग्रजी कोश मोडीत निघाला. पुढे सिंहासनबत्तिशी, पंचतंत्र, हितोपदेश, राघोजी भोसल्यांची वंशावळी अशी पुस्तकेही तिथून बाहेर पडली. खिळे पाडण्याचे नाजूक काम पंचानन कर्मकार या बंगाली लोहाराने आणि त्याच्या जावयाने केले. मराठी छपाईच्या आरंभीच्या काळात एक जोडे शिवणारा, एक पंडित आणि एक लोहार असे एकत्र बसले होते, याची आम्हाला गंमत वाटते आणि अभिमानही.

श्रीरामपूरचे मराठी कसे होते? ओबडधोबड, हे स्पष्ट सांगावे. भाषा कानाने शिकायला मराठी मुलूख हवा, तो तिथे नव्हता. पुढे मुंबईच्या अमेरिकन मिशनने बायबलचे भाषांतर नव्याने केले, ते योग्यच झाले. पण बांधावर पहिली पायवाट पडली ती या मंडळींच्या पायांनी.

त्या मत्तयाच्या पुस्तकाकडे जरा थांबून पाहू. येशूने सांगितलेले दृष्टान्त त्यात आहेत आणि ते बहुतेक खेड्यातले आहेत. पेरणारा बी फेकतो, काही वाटेवर पडते, काही खडकावर, काही काट्यांत, काही चांगल्या मातीत. द्राक्षमळ्याचा मालक सकाळी, दुपारी आणि दिवस मावळायच्या आधी तासभर मजूर आणतो आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी देतो. सकाळपासून राबलेले कुरकुर करतात. आमच्या युनियनने तर बंदच पुकारला असता. आणि तिसरा दृष्टान्त आम्हा बँकवाल्यांचा. धनी परगावी जाताना एका चाकराला पाच भाग रक्कम देतो, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. पहिले दोघे ती दुप्पट करतात. तिसरा भीतीपोटी जमिनीत पुरून ठेवतो. परत आलेला धनी त्याला म्हणतो की निदान सावकाराच्या पेढीवर ठेवली असतीस तर व्याज तरी मिळाले असते. ठेवी ठेवण्याची इतकी उघड शिफारस दुसऱ्या कोणत्या धर्मग्रंथात आहे की नाही, आम्हाला ठाऊक नाही.

पण या गोष्टीत एक बारकावा आहे. पाचाचे दहा करणाऱ्याला आणि दोनाचे चार करणाऱ्याला धनी जी शाबासकी देतो, ती शब्दन् शब्द सारखी आहे. रक्कम वेगळी, शाबासकी एकच. थोडक्यात विश्वासू राहिलास, एवढेच त्या शाबासकीचे कारण. कॅरींच्या आयुष्याची किल्ली आम्हाला इथे सापडते. आपल्याला विशेष बुद्धी आहे असे त्यांनी कधी मानले नाही. पुढे चरित्र लिहिणाऱ्या पुतण्याला त्यांनी सांगून ठेवले होते की चिवटपणे एकेक पाऊल टाकत राहण्यापलीकडे माझे काही कौतुक केलेस तर ते जास्त होईल.

या चिवटपणाची परीक्षा ११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी झाली. छापखान्यात कागदांच्या ढिगाला आग लागली. वॉर्डनी खिडक्यादारे बंद करून हवा कोंडली होती, तेवढ्यात कोणीतरी खिडकी उघडली आणि सारी इमारत पेटली. कागदाची बाराशे रिमे, चौदा पौर्वात्य लिप्यांचे खिळे, आणि कित्येक वर्षे लिहीत आणलेल्या बहुभाषी कोशाची हस्तलिखिते राख झाली. छापयंत्रे आणि खिळ्यांचे मूळ ठसे तेवढे वाचले. कॅरी त्या दिवशी कलकत्त्याला होते. मार्शमननी सकाळी जाऊन बातमी दिली. आल्यावर त्यांनी राखेकडे पाहिले आणि डोळे भरून आले. मग म्हणाले की एकदा चाललेली वाट दुसऱ्यांदा चालताना सोपी जाते. वितळलेले शिसे राखेतून वेचून त्याचेच पुन्हा खिळे ओतले. इंग्लंडमध्ये सुमारे पन्नास दिवसांत दहा हजार पौंड जमले. पण पैसे येण्याची वाट न पाहता काम सुरू झाले होते, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते. पीक बुडालेला शेतकरी पंचनाम्याची वाट पाहत पेरणी थांबवत नाही, तसेच हे.

नियम मोडण्याचाही एक प्रसंग सांगितला पाहिजे. सती बंद करण्याचा कायदा डिसेंबर १८२९ मध्ये झाला. त्याचे बंगाली भाषांतर करण्यासाठी कागद कॅरींकडे आले तो रविवार होता. रविवारी कामाला हात लावायचा नाही, प्रार्थनामंदिरात उपदेश करायचा, हे व्रत त्यांनी आयुष्यभर पाळलेले. त्या दिवशी त्यांनी उपदेशाचा काळा कोट उतरवला, उपदेश दुसऱ्या कोणाकडे सोपवला, पंडिताला बोलावून बसले आणि संध्याकाळपर्यंत भाषांतर पुरे केले. एका दिवसाचा उशीर म्हणजे आणखी किती चिता, हा हिशेब त्यांनी मनात केला होता.

पण माणूस मुळात माळीच राहिला. श्रीरामपूरला पाच एकरांची बाग त्यांनी शास्त्रशुद्ध ओळींत लावली. सकाळी प्रार्थनेसाठी ते बागेतच फिरत. १८२० मध्ये त्यांनी शेती आणि बागायतीसाठी संस्था उभी केली, तिच्यात हिंदी आणि इंग्रज दोघेही सभासद. रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाचा हिंदुस्थानी वनस्पतींवरचा ग्रंथ त्यांनी संपादून छापला. त्याच रॉक्सबर्गने एका झाडाला मित्राचे नाव दिले होते: केरिया आर्बोरिया. आपण त्याला कुंभा म्हणतो. खानापूरच्या रानात, गोव्याच्या घाटात, कोकणात हे झाड पाहिले नाही असा माणूस विरळा. जाड साल, उन्हाळ्यात झुपकेदार फुले. सालीच्या धाग्याची पूर्वी तोड्याच्या बंदुकीला वात करीत. महाराष्ट्रात कधी न आलेला माणूस या झाडाच्या नावाने आपल्या शिवारात उभा आहे.

इंग्लंडहून एका स्नेह्याने बियाण्यांच्या पिशव्या पाठवल्या होत्या. बी काढून घेतल्यावर पिशवीत राहिलेली माती कॅरींनी बागेच्या सावलीच्या कोपऱ्यात झटकली. काही दिवसांनी तिथे इंग्लंडच्या गवतात उगवणारे साधे डेझीचे फूल उमलले. पोराच्या खोलीतली रोपे आठवून म्हातारा किती हरखला असेल! पुढे दरवर्षी ते बी जपून लावीत.

ऑक्टोबर १८२३ मध्ये पडून त्यांच्या कमरेला जबर इजा झाली. ते अंथरुणाला खिळलेले असतानाच दामोदर नदीचा बांध फुटला, पाण्याने घर आणि बाग दोन्ही नासली. उठता येऊ लागताच त्यांनी बाग पुन्हा लावली. वय बासष्ट, म्हणजे आम्ही निवृत्तीनंतर पेन्शनचे कागद फायलीला लावत होतो ते वय.

शेवटची वर्षे पैशाच्या बाबतीत कठीण गेली. १८३० मध्ये कलकत्त्याची पामर आणि कंपनी ही नावाजलेली पेढी बुडाली, मागोमाग इतरही पेढ्या कोसळल्या आणि मिशनच्या ठेवी त्यांबरोबर गेल्या. सरकारने कॉलेजातली त्यांची जागाही काढून टाकली. ज्याने आयुष्यभर स्वतःपुरते काही ठेवले नाही त्याला यात फारसे गमवायचे नव्हते. पण शाळा आणि छापखान्यावर अवलंबून असलेल्या माणसांची काळजी त्यांना लागून राहिली.

१८३४ च्या उन्हाळ्यात चालणे थांबले. मग त्यांना चाकांच्या खुर्चीत बसवून बागेत फिरवीत. एके दिवशी ते उदास दिसले म्हणून मार्शमननी कारण विचारले. कॅरी म्हणाले की मी गेल्यावर तुम्ही या बागेत गाई सोडाल. मार्शमनना झाडाझुडपांची आवड नव्हती, हे दोघांनाही माहीत होते. त्यांनी शब्द दिला की तसे कधी होणार नाही, बाग राखणे मी पवित्र काम समजेन.

पुढे खुर्चीही झेपेना. तेव्हा मुख्य माळी त्यांच्या खोलीत येई आणि बिछान्याशेजारी उभा राहून कोणते झाड कसे आहे, ते सांगत असे. ९ जून १८३४ रोजी पहाटे विल्यम कॅरी वारले.